कलाराज्यातील खुर्चीपालटाची हकीकत

श्री. पाटीवरच्या पहिल्या वेड्यावाकड्या अक्षरासही जी हसत नाही, त्या शारदेस दंडवत घालून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी कलाराज्यात जे वर्तमान जाहले, ते लहानथोरांस सारखेच समजेल ऐशा बोलीत येथे लिहिले आहे.

राज्य कोणते, हे पुसू नये. नदीकाठच्या एका शहरी महाविद्यालयाचा थोर मुलूख होता आणि त्यात तीन राज्ये शेजारी नांदत होती. विज्ञानराज्यास प्रयोगशाळांचा डौल होता आणि वाणिज्यराज्यास हिशेबाचा दबदबा होता, आणि कलाराज्यास इतिहास होता, तत्त्वज्ञान होते, चार भाषांचे वाङ्मय होते, परंतु धीर नव्हता. दरसाल थंडी सरता सरता नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांच्या स्वाऱ्या येत आणि सभागृहात डेरे देत, आणि मग कलाराज्याची प्रजा गुपचूप कँटीनच्या आश्रयास जाई. कोणी पुसले, "कुठल्या शाखेचे?" तर मान खाली घालून "आर्ट्स" म्हणत, जणू चोरीच कबूल करीत आहेत. त्यांस कोणी हाकलिले नव्हते. लढाईचे ठिकाण न पाहताच हार खाऊन बसत. हे पाहून प्राचार्या महाराणीसाहेब कष्टी जाहल्या आणि मार्गशीर्षमासी त्यांनी करिअर कक्ष नावाचा नवा महाल उभारिला आणि त्याची सुभेदारी इंदुमतीबाई टिपणीस यांस दिधली. बाईंची हयात एका मोठ्या कचेरीत माणसे निवडण्यात गेली होती. आवाज मृदू आणि नजर तीक्ष्ण, आणि मुलांवर माया अशी की चुकलेल्या मुलास आधी चहा देत आणि मग चूक दाखवीत.

पहिल्याच दिवशी बाईंनी लुटुपुटीच्या मुलाखतीची लढाई मांडिली. तत्त्वज्ञानाचा जुनैद मुजावर पुढे आला. बाईंनी पुसिले, "तुझी कमजोरी सांग." तो म्हणाला, "मॅडम, आधी कमजोरी म्हणजे काय ते ठरवावं लागेल." बाई म्हणाल्या, "ठरव." तो म्हणाला, "वेळ लागेल. अडीच हजार वर्षं लोक तेच करतायत." सभा हसो लागली. मग इतिहासाची भाग्यश्री हिंगमिरे समोर बसली. बाईंनी पुसिले, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?" भाग्यश्री दोनदा अडखळून बोलली, "मॅडम, भविष्यकाळाची साधनं उपलब्ध नाहीत." तेव्हा सभेत हास्याचा कल्लोळ जाहला आणि ती उठोन पळाली आणि जिन्यात जाऊन रडली.

या मुलीवर प्रसंग मोठा होता. तिला शहरी राहून पुढे एम.ए. करणे होते. परंतु तिला वाढविणारे सुदाममामा तालुक्यास मंगल कार्यालय चालवीत आणि त्यांनी निक्षून सांगितले होते की परीक्षा सरेतो नोकरी लागली तर शहरी राहावे, नाही तर सामान बांधून कार्यालयाच्या गल्ल्यावर येऊन बसावे. फोनवर म्हणत, "भागे, इतिहासात तारखाच पाठ केल्यास ना? मग लग्नाच्या तारखा लिहायला तुझ्याएवढं लायक कोण आहे?" आणि आपणच मोठ्याने हसत. मामा दुष्ट नव्हते, परंतु भाची काही करू शकेल हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे, भाचीच्याही नव्हते.

मग बाई स्वतः जिन्यात गेल्या आणि चहाचा पेला तिच्या हाती देऊन तिला परत घेऊन आल्या आणि आपली खुर्ची दाखवून म्हणाल्या, "इथे बस." ती दचकून म्हणाली, "मी? तुमच्या खुर्चीवर?" बाई म्हणाल्या, "चावत नाही ती. जुनैद, तू समोर बस. भाग्यश्री, आता तू विचार." तेव्हा नवल वर्तले. जी मुलगी उत्तर देता मुकी होई, तिला प्रश्न पुसता वाचा फुटली. कारण इतिहासाच्या जुन्या कागदांस तीन वर्षे तिने तेच केले होते. हे कोण सांगतो, त्यास कसे कळले, सांगण्यात त्याचा लाभ कोणता, आणि काय लपवितो, ऐसे ती एकामागून एक पुसत गेली आणि जुनैदास घाम फुटला. तो म्हणाला, "मॅडम, हिला आवरा. ही मुलाखत नाही, पोलीस चौकी आहे!" बाईंनी पुसिले, "भाग्यश्री, तिकडून काय दिसलं?" ती विचार करून म्हणाली, "विचारणारासुद्धा घाबरलेला असतो, मॅडम. चुकीचा माणूस घेतला तर काय, म्हणून." बाई म्हणाल्या, "एवढं कळायला माझे केस पांढरे झाले."

त्या दिवसापासून करिअर महालात खुर्चीपालटाचा शिरस्ता पडला. आधी पुसणाराच्या जागी बसावे आणि मग सांगणाराच्या. आणि बाई मुलांस कंपन्यांच्या कचेऱ्या दाखवून आणीत आणि चालू कामातील माणसांशी बोलावयास लावीत, आणि कोणी अडखळले तर थांबत, घाई म्हणून करीत नसत. भाग्यश्री पौषात एकदा पुन्हा मुकी जाहली आणि माघात दोनदा, परंतु जिन्यात गेली नाही.

फाल्गुनमासी स्वाऱ्या आल्या. त्यांत पाण्याचे पंप करणारी एक मातबर कंपनी होती आणि तिला ग्राहकांच्या तक्रारी पाहावयास माणूस हवा होता. कलाराज्याची फौज रांगेत उभी पाहून वाणिज्यराज्याचा एक वीर म्हणाला, "आर्ट्सवाले, कँटीन तिकडे आहे." जुनैद म्हणाला, "माहीत आहे रे. तुझं झालं की तिकडेच भेटू." मग भाग्यश्रीचा पुकारा जाहला. आत साखवळकर साहेब आणि लोबो मॅडम बसले होते. साहेब म्हणाले, "इतिहास? आमच्या पंपाला काही फार मोठा इतिहास नाही हो." तिने पाणी मागितले, प्यायली, आणि मग म्हणाली, "सर, एका लढाईच्या दोन हकिगती येतात आणि दोन्ही बाजू म्हणतात आम्हीच जिंकलो. खरं काय घडलं ते शोधायला मी शिकले. तुमच्याकडे ग्राहक म्हणतो पंप बिघडलेला आला, दुकानदार म्हणतो चांगला दिला. काम तेच आहे, फक्त तलवारी नाहीत." साहेब हसून म्हणाले, "तलवारी नाहीत? एकदा तो फोन उचलून बघा!"

शेवटी लोबो मॅडमनी रिवाजाप्रमाणे पुसिले, "तुम्हाला काही विचारायचंय?" सकाळपासून सगळे वीर या ठिकाणी "नो मॅडम, थँक्यू" म्हणून उठले होते. भाग्यश्री म्हणाली, "हो. या जागेवर आधी कोण होतं, आणि ते का गेले?" साहेबांनी मॅडमकडे पाहिले. मॅडम म्हणाल्या, "दोघं होते. ग्राहकही त्यांनाच ओरडायचे आणि फॅक्टरीवालेही." ती म्हणाली, "तक्रार खरी निघाली, तर फॅक्टरीत जाऊन जाब विचारायचा अधिकार या जागेला आहे?" साहेब म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मग तिसराही जाईल, सर."

संध्याकाळी पुकारा जाहला की तक्रारींच्या जागी भाग्यश्री हिंगमिरे. कलाराज्यात आरोळी उठली. परंतु ती पुढे होऊन म्हणाली, "आभारी आहे. अधिकाराचं तेवढं बघा, सर. मला उत्तराला उद्या सकाळपर्यंत वेळ हवा." कलाराज्याच्या माणसाने कंपनीस थांबवून धरिले, हे आजवर कोणी ऐकिले नव्हते. जुनैद म्हणाला, "अगं बये, ते नाही म्हणाले तर?" फोनवर मामा कडाडले, "देणारा देतोय आणि तू वेळ मागतेस? उद्याच्या गाडीने घरी ये!" ती बाईंपाशी जाऊन म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं का?" बाई म्हणाल्या, "ते उद्या कळेल. पण अधिकाराशिवाय ते काम तुला झालं असतं?" ती म्हणाली, "नसतं." बाई म्हणाल्या, "मग जेव आणि झोप." ती जेवली, परंतु झोप कसची.

सकाळी लोबो मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "साहेब रात्रीच फॅक्टरीवाल्यांशी भांडले. अधिकार मिळाला. आता तरी येणार का? साहेब विचारतायत." भाग्यश्री म्हणाली, "येते." मग एकच जल्लोष जाहला आणि कँटीनच्या डब्यांवर नौबत झडली आणि महाराणीसाहेबांनी पेढे वाटिले, आणि त्या फाल्गुनात जुनैदासह कलाराज्याच्या पुष्कळ वीरांनी आपापली ठाणी सर केली आणि कोणीही मान खाली घालून शाखेचे नाव सांगितले नाही.

आणि जून लागताच सुदाममामांची स्वारी आपल्या बारावी जाहलेल्या मुलीस घेऊन कलाराज्याच्या दारी आली आणि इंदुमतीबाईंस म्हणाली, "मॅडम, हिलाही आर्ट्सलाच घाला. आणि त्या तुमच्या खुर्चीत एकदा बसवा." मुलीने लगेच पुसिले, "कुठली खुर्ची? कशासाठी?" बाई म्हणाल्या, "हिची तयारी बरीच झालेली दिसते."

सारांश, त्या संवत्सरी कलाराज्याने मुलूख नवा जिंकिला नाही, आपलाच होता तो ताब्यात घेतला. फत्ते जाहली. लिहिणाराने जे पाहिले ते लिहिले. वाचणाराने आपल्या घरच्या लेकरास एकदा आपल्या जागी बसवून पाहावे, ही विनंती.