मानकर बाईंचं पिस्तूल

माझ्या लग्नाच्या जेवणाला मानकर बाईंनी शंभरपैकी बासष्ट गुण दिले होते. तेही तोंडी नाही, लेखी. आहेराच्या साडीच्या घडीत चिठ्ठी निघाली : "वडे उत्तम. मठ्ठा पाणचट. वाढप्यांना उगाच घाई, त्याचे पाच वजा. एकूण बासष्ट, म्हणजे पहिला वर्ग. सुखी राहा." सासरच्या मंडळींनी ती चिठ्ठी आठवडाभर हातोहात फिरवली. मी मात्र हरखले होते, कारण बाईंच्या हातून पहिला वर्ग मिळणं काय असतं, हे आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

नागपुरातल्या मुलींच्या एका शाळेत त्या भूमिती शिकवायच्या आणि मी मराठी. त्या माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या. उंच, काटकुळ्या, केस मागे घट्ट ओढलेले, हातात बाराही महिने काळी छत्री. गुण त्या सगळ्यालाच द्यायच्या. बसच्या ड्रायव्हरला, काटोलहून आलेल्या संत्र्यांना, मुख्याध्यापिकांच्या भाषणाला. (भाषण नेहमी पस्तिसावर काठावर पास व्हायचं.) आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा : "काहून?", म्हणजे का? मुलगी म्हणाली, बाई, हे दोन कोन समान आहेत, की लगेच, "काहून? उत्तर तं कोणीबी देते. काहून ते सांग." शिपाई म्हणाला, बाई, उद्या सुट्टी, तरी "काहून?"

बाईंनी लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, तीन धाकटे भाऊ त्यांनी शिकवले, त्यांची लग्नं लावली आणि तिघेही लांबच्या गावी नोकरीला गेले. शेवटी बाईंनी प्रताप नगरात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. ही साधारण अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. तेव्हा तिकडे चार घरं आणि मधे तुरीचं शेत, असा सगळा मामला होता.

एक दिवस त्या शाळेत असताना भर दुपारी घर फुटलं. चोरानं तांब्याचा बंब नेला, दोन घागरी नेल्या, भिंतीवरचं घड्याळ नेलं. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "कोणावर संशय आहे?" बाई म्हणाल्या, "संशयानं सिद्धता होत नसते." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी जाहीर केलं, "मी पिस्तूल घेऊन राहिली."

आम्ही हसलो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा कुत्रा पाळा."

"नको. कुत्र्याचा लळा लागते. अन् तो आपल्या आधी मरते."

असं काही त्या मधूनच बोलून जायच्या आणि लगेच वह्या तपासायला घ्यायच्या. त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात राहत नसे.

अर्ज गेला. ठाण्यातून जमादार घरी चौकशीला आला, तेव्हा योगायोगानं मी तिथेच होते. खाटेवर बसून त्यानं फॉर्म उघडला.

"घरी कोण कोण असते, बाई?"

"मी."

"आणखी?"

"आणखी कोणी असतं तं पिस्तूल कशाले मागितलं असतं?"

जमादारानं बराच वेळ विचार केला आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "रेघ तिरपी गेली."

परवाना आला. बत्तीस बोअरचं एक हत्यार घ्यायला मंजुरी, आणि घ्यायची मुदत. मग बाईंनी मला धरलं. "तू चाल वं कुमुद. एकापेक्षा दोन मतं बरी." शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की आम्ही रिक्षानं सदरला, हत्यारांच्या दुकानात जायचो.

दुकानदार तय्यबभाई, पांढऱ्या दाढीचे, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. "बाईजी, हे घेऊन टाका. घोडा दाबा, चालते. काही झंझट नाही."

बाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे मधात फुगलेलं आहे. मले चापट पाहिजे. जुन्या पद्धतीचं. जुने लोक वस्तू विचार करून बनवत."

तय्यबभाईंना जुन्या वस्तूंचा षोक असावा, कारण त्यांचा चेहरा उजळला. आतल्या तिजोरीतून त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेली तीन पिस्तुलं आणली. तिन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. एक जर्मनीचं, एक बेल्जियमचं, एक स्पेनचं. साहेब लोक देश सोडून जाताना विकून गेलेली. त्यांनी आधी प्रत्येक रिकामं असल्याचं दाखवलं, मग समजावलं : गोळ्यांची पट्टी मुठीत सरकवायची, वरचा पोलादी भाग एकदा मागे खेचून सोडायचा, की पहिली गोळी जागेवर. पुढच्या आपोआप येतात.

"आपोआप? काहून?" बाई म्हणाल्या.

तय्यबभाईंनी चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मग त्यांनी जर्मन पिस्तूल उघडून त्याचे भाग काचेवर मांडले आणि तासभर समजावून सांगितलं. बाईंनी वहीत आकृती काढली, भागांना नावं दिली. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी बेल्जियम."

असं ते सुरू झालं. वहीत रकाने आखले गेले. वजन, मूठ, खटका, नजर लावायची खूण आणि शेवटी 'वागणूक'. स्पेनचं पिस्तूल दुसऱ्याच शनिवारी नापास झालं, कारण "खटका ढिला म्हणजे शिस्त ढिली." बेल्जियम आणि जर्मनी यांच्यात मात्र चुरस होती. आज बेल्जियम दोन गुणांनी पुढे, तर पुढच्या शनिवारी फेरतपासणी होऊन जर्मनी पुढे. चहा यायचा, खारी यायची. तय्यबभाईंचा गुडघा दुखायचा, त्याला बाई एरंडाचा पाला बांधायला सांगायच्या, मग पुढच्या शनिवारी गुडघ्यालाही गुण मिळायचे. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं क्वचितच असायची.

मी मात्र कंटाळून जायची. नवं लग्न, शनिवारची दुपार, आणि मी इकडे पिस्तुलांच्या घटक चाचणीला बसलेली. खोटं कशाला सांगू, सोमवारी स्टाफरूममध्ये मी बाईंची हुबेहूब नक्कल करायची. फुटपट्टी हातात धरून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "जर्मनीची वागणूक सुधारून राहिली!" सगळ्या पोट धरून हसायच्या.

शेवटी जर्मनी जिंकलं. पण खरी अडचण पुढेच होती. तय्यबभाई म्हणाले, "बाईजी, आता एकदा स्वतः खेचून पाहा."

बाईंनी खेचलं. वरचा भाग हलला नाही. पुन्हा खेचलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. चौतीस वर्षं खडू धरून त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून गाठीसारखा झाला होता. तिसऱ्या वेळी तो अंगठा नुसताच घसरला. तय्यबभाईंनी पटकन पाठ फिरवली आणि स्वच्छ असलेलं कपाट पुसायला घेतलं.

"आज हात जड आहे," बाई म्हणाल्या.

मग हाताची तालीम सुरू झाली. बाई ओल्या चादरी पिळायला लागल्या. स्वतःच्या संपल्या, तेव्हा शेजारणीच्या पिळल्या. एकदा माझ्याकडे येऊन आमच्या सतरंज्या पिळून गेल्या. दरम्यान त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल झाली, भाषणाला नेहमीप्रमाणे पस्तीस. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आठवड्यात फक्त शनिवार उरला, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

परवान्याची मुदत दोनदा वाढवून मिळाली होती. तिसऱ्या वेळी कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत हत्यार घ्या, नाहीतर परवाना रद्द. दिवाळीच्या आधीचा शनिवार उजाडला. दुकानात बाई पिस्तूल हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग अचानक म्हणाल्या, "तय्यबभाई, आपण गाढव आहो. वरचा भाग काहून ओढायचा? तो डाव्या हातानं धरून ठेवायचा, अन् उजव्या हातानं मूठ पुढे ढकलायची! दोन विरुद्ध दिशा!"

आणि त्यांनी ढकललं. खाड्‌कन आवाज झाला. तय्यबभाईंनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. बाईंच्या तोंडावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. ते क्षणभर टिकलं. मग तय्यबभाईंनी पावतीपुस्तक काढलं, तसा बाईंचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे आता झालंच," त्या म्हणाल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

सोमवारी त्यांनी शाळेत येऊन पेढे वाटले. पिस्तुलाचे पेढे नागपुरात दुसऱ्या कुणी वाटले असतील असं वाटत नाही. जाताना मला म्हणाल्या, "येत जा वं घरी." मी "येते ना" म्हटलं. गेले नाही. शनिवार मोकळे झाले होते. आम्ही दोघं सिनेमाला जायचो, फुटाळा तलावावर जायचो.

जानेवारीत एका शनिवारी यांचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला सदरला गेले, तर तय्यबभाईंच्या दुकानात बाई दिसल्या. त्याच स्टुलावर. पुढ्यात जर्मन पिस्तूल उघडून ठेवलेलं, हाताला तेल, आणि त्या एकेक भाग पुसत होत्या.

"बिघडलं काय बाई?" मी विचारलं.

त्यांनी पुसायला पुढचा भाग उचलला. तय्यबभाई हळूच म्हणाले, "बाईजींची अमानत आहे आपल्याकडे. घेतल्यावर नवव्या दिवशीच जमा करून गेल्या. तिजोरीत असते. शनिवारी येऊन साफ करतात."

मला हसू आलं. सोमवारसाठी नक्कल मनात तयारसुद्धा व्हायला लागली. दीड वर्ष पारखून घेतलं आणि नऊ दिवसांत परत! पुसून झाल्यावर बाईंनी पिस्तूल जोडलं, तय्यबभाईंच्या हातात दिलं, आणि तिजोरीला किल्ली लागेपर्यंत उभ्या राहिल्या. मग छत्री घेतली. "चाल. तुलेबी तिकडेच जायचं आहे ना?"

रिक्षात मी म्हटलं, "बाई, चोर आला तर?"

लोखंडी पुलाखालून रिक्षा गेली, बर्डीचा बाजार मागे पडला.

"माझ्याकडे कोणीच येत नाही वं," त्या म्हणाल्या, "तं चोर कशाले येईन? तो येऊन गेला, पाहून गेला." मग रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत, वर्गात सिद्धता सांगतात तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "घेतलं तेव्हा वाटलं, कपाटात राहीन, आपण आपलं काम करू. पण काम तं काही नव्हतं. संध्याकाळ झाली की मी अन् ते, दोघंच. आठ दिवस मी कपाटाकडे पाहून राहिली होती. नवव्या दिवशी मनात भलतंच आलं. चोराचं नाही. माझंच. सकाळी उठली, रिक्षा केली, अन् तय्यबभाईले देऊन आली. म्हटलं, मी मागितलं तरी घरी नेऊ देऊ नका. त्यानं एक शब्द विचारला नाही. चहा मागवला."

मी त्यांचा हात धरला. तेलाचा वास येत होता.

प्रताप नगरच्या वळणावर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं घ्यायची बाई?" उजवीकडे त्यांचं घर, सरळ गेलं की आमचं.

"सरळ घ्या," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्या अंगणात उन्हाला सासूबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सोल्यांची आमटी व्हायची होती. त्यांना हल्ली विसर पडायचा; कोण मानकर बाई, कसलं पिस्तूल, काही नीट आठवत नव्हतं. आलेली बाई हातीपायी धड आहे, एवढं त्यांनी पाहिलं आणि सूप थोडं पुढे सरकवलं. "बसा ना वं बाई. लावा हात. एकटीनं कधी होतील एवढ्या?"

बाईंनी छत्री भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि बसल्या. सुजल्या अंगठ्यानं एकेक शेंग फोडायला लागल्या. सासूबाई आपल्या माहेरच्या शेताचं काहीतरी सांगत होत्या, बाई हुंकार देत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले. ऊन भिंतीवर चढलं. टोपलीत तळाशी चार-सहा शेंगा उरल्या, तसे बाईंचे हात अगदी सावकाश चालायला लागले.

मी आत गेले, दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेली टोपली उचलून आणली आणि त्यांच्या पुढ्यात पालथी केली.