चुनीलालआप्पांचं ‘नही’

“आप्पा, तापीकाठना वावरमातल्या ठिबकन्या नळ्या उद्या काढी लेतस,” चहाचा कप उचलत धर्मेंद्र वडिलांना म्हणाला.

“काब्र?” आप्पांनी कारण विचारलं.

“तठे लगीनसाठे लॉन्स करनं शे ना! तुम्हीच हा म्हणेल शेतस.”

“नही,” चुनीलालआप्पा म्हणाले.

शब्द एवढासाच होता, पण स्वयंपाकघरात सुगंधाबाईंची पोळी तव्यावर तशीच राहिली आणि सून मोहिनी दारातून डोकावली. ब्राह्मणपुरीतल्या त्या घरात हा शब्द आप्पांच्या तोंडून कित्येक महिन्यांत कोणी ऐकला नव्हता.

एरवी आप्पांची ख्याती ‘नही’साठीच होती. सूर्य पूर्वेला उगवतो असं कोणी म्हटलं, तरी चुनीलाल आधी ‘नही’ म्हणेल आणि मग गच्चीवर जाऊन बघून येईल, असं गाव म्हणायचं. पण गेल्या कापूस वेचणीच्या सुमारास या माणसाच्या आतलं काहीतरी विझलं. पहाटे डोळे उघडायचे आणि आढ्याला लागायचे. जेवण मातीसारखं लागायचं. नुसतं ओट्यावर बसून राहायचं. त्याच दिवसांत आप्पा ‘हा’ म्हणायला लागले. ‘नाही’ म्हणायला कारण द्यावं लागतं, कारण द्यायला बोलावं लागतं आणि बोलायला अंगात जीव लागतो. ‘हा’ कसं एका श्वासात उरकतं.

लोकांना याची गोडी लागायला वेळ लागला नाही. धर्मेंद्रला केळीच्या सोन्यासारख्या वावरात लॉन्स हवं होतं, त्याला ‘हा’ मिळाला. शेजारच्या भाईदासने बांध जरासा सरकवू का म्हणून विचारलं, त्यालाही ‘हा’ मिळाला. विसरवाडीचा मेहुणा दोधू नांगरटीपुरता ट्रॅक्टर घेऊन गेला, तो ट्रॅक्टर तिकडचाच रहिवासी झाला. पंचायतीच्या येत्या निवडणुकीसाठी दोन्ही पॅनलची माणसं येऊन गेली आणि आप्पा दोन्हीकडून उभे राहायला तयार झाले. सुगंधाबाईंनीसुद्धा या पुरात हात धुऊन घेतले आणि पुढची खोली पिस्ता रंगात रंगवून टाकली. गाव म्हणालं, चुनीलाल देवमाणूस झाला. देवमाणसाला रात्र रात्र झोप नसते, हे फक्त सुगंधाबाईंना माहीत होतं.

मग घरची गाय व्याली आणि आप्पा वासरू बघायलाही उठले नाहीत. त्या दिवशी सुगंधाबाईंनी कोणाला न विचारता त्यांना नंदुरबारला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी उदासीच्या आजाराची गोळी सुरू केली आणि सांगितलं, “लगेच फरक पडणार नाही. काही आठवडे जातील. धीर धरा.”

सुरुवातीला गोळीने एवढंच केलं, की मळमळ होई आणि तोंड कोरडं पडे. धर्मेंद्र म्हणाला, “काही कामनी नही ही गोळी.” सुगंधाबाई मात्र रोज सकाळी देवाला पाणी घालतात तितक्याच नेमाने नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवत राहिल्या. आणि आज हे ‘नही’ उगवलं होतं.

ते एकटं आलं नव्हतं. चहा संपवून आप्पांनी चपला घातल्या आणि थेट वावर गाठलं. तिथे दोरी लावून बांध मोजला आणि भाईदासला हाक मारली, “भाईदास, तुन्हा बांध मन्हा वावरमा फिराले वना का?” तिथूनच त्यांनी मेहुण्याला फोन लावला, “दोधू, ट्रॅक्टर आन. आजच आन.” येताना चावडीपाशी त्यांनी दोन्ही पॅनलना नकार दिला. त्या दोन पॅनलचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं, पण चुनीलालला चुकीचं औषध चालू आहे, यावर लगेच झालं. घरी आल्यावर आप्पांनी पुढच्या खोलीच्या पिस्ता भिंतींकडे पहिल्यांदा मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “आठे पोपट वकना का भितडावर?”

सुगंधाबाईंना ते लागलं. रंग त्यांनी हौसेने निवडला होता.

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली. दोधू ट्रॅक्टरवरूनच आला होता, त्यामुळे जरा तापलेला होता.

“बहीन, गोळी उलटी पडनी,” तो म्हणाला. “कसा गायसारखा मानूस व्हयेल व्हता!”

“गोळी उष्ण शे, वहिनी,” भाईदास म्हणाला. “डोकामा चढी जास. मन्हा साडूले बी तसंच व्हयेल व्हतं.”

“तुम्हना साडूले मूळव्याध शे,” आतून मोहिनी म्हणाली.

“माय, बंद कर ती गोळी,” धर्मेंद्रने निकाल दिला. “नही तं घरमा रोज महाभारत व्हई.”

खोटं कशाला बोला, क्षणभर सुगंधाबाईंच्याही मनात आलं, की नवरा गप्प होता तेव्हा घर किती शांत होतं!

खाटेवरून आप्पा सगळं ऐकत होते. सकाळपासून ताठ असलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. “करी टाका बंद,” ते म्हणाले. “मन्हामुळे सगळासले तरास व्हई ऱ्हायना.”

सभेला हायसं वाटलं. सुगंधाबाई मात्र सावध झाल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वासरू बघायला चला म्हटल्यावर, “तुम्हीच देखी ल्या,” असं म्हणणारा तोच सपाट आवाज. त्या उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

“उद्या नंदुरबार,” त्या म्हणाल्या. “सगळा चला. जे काय सांगनं शे, ते डॉक्टरीणबाईले सांगा. तवलोंग मन्हा गोळीले कोनी हात लावानं नही.”

दुसऱ्या दिवशी जीप भरून मंडळी निघाली. दवाखान्यात एवढी माणसं एकदम आत घुसल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यात पेशंट कोण?”

सगळ्यांनी आप्पांकडे बोट दाखवलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. बांध, ट्रॅक्टर, लॉन्स, दोन पॅनल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक गोष्ट विचारत गेल्या. झोप लागते का? हो, आता कोंबडा आरवेपर्यंत लागते. जेवण? जातं. मोठमोठ्या बढाया मारतात का? नाही. उधळपट्टी करतात का?

“उधळपट्टी?” धर्मेंद्र म्हणाला. “मॅडम, मी करनार व्हतू, ती बी बंद करी टाकी!”

“बरं. आणि आजारी पडायच्या आधी कसे होते?”

भाईदासने कान खाजवला. दोधू भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

“आसाच व्हतात,” शेवटी सुगंधाबाई म्हणाल्या. “आम्हना लगीनमा बी मांडव वाकडा शे, म्हनीसन भांडनात.”

बाई हसल्या. “मग गोळी उलटी नाही पडली. लागू पडली.”

दोधूने घसा खाकरला. “मॅडम, अर्धा बरा करता यी का? म्हंजे झोप लागो, जेवन जावो. पन बोलनं तेवढं...”

“तशी गोळी निघाली, तर पहिली मी माझ्या घरी नेईन,” बाई म्हणाल्या आणि आप्पांकडे वळल्या. “यांचं ऐकलं. आता तुम्ही सांगा. बंद करायची गोळी?”

सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पांनी मुलाकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं आणि मग बायकोकडे पाहिलं.

“नही,” ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “मॅडम, गोळी घिसन मी काही नाची नही ऱ्हायनू. हासू बी आजून मोजकंच येस. पन आज येतांना वाळत घालेल मिरचीना पथारीजोडे सगळासले ठसका लागना, तसा मले बी लागना. मांगला खेपले तठेच धर्मानी माय खोकत व्हती, तरी मले काहीच लागनं नही. आज मी समजी गऊ, आत काहीतरी चालू व्हयनं.”

धर्मेंद्र मान खाली घालून जीपची किल्ली चाळवत राहिला. बाप घरात असूनही इतके महिने कुठे होता, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. बाईंनी गोळी तशीच पुढे चालू ठेवायला सांगितलं आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, असं सगळ्यांना बजावलं. दारातून निघता निघता भाईदास पुटपुटला, “बांध परवादिन मांगे लेस, आप्पा.”

परतीच्या वाटेवर प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल दिसताच सुगंधाबाई म्हणाल्या, “धर्मा, गाडी थांबाड. महादेवले नारय फोडनं शे.”

“नही,” आप्पा म्हणाले. “गोळी दिधी डॉक्टरीणबाईनी. नारय महादेवले काब्र?”

“डॉक्टरीणबाईकडे जावानी बुद्धी कोनी दिधी?”

“ती तुन्ही व्हती. मंग तूच खाय नारय.”

“मी एकलीच खासू? तोंड तरी देखा तुम्हनं!”

पूल संपला तरी नारळ कोणाचा ते ठरेना. मागच्या सीटवर दोधू आणि भाईदास जीव मुठीत धरून बसले होते. शेवटी धर्मेंद्र वैतागला, “माय, तू तरी चूप बठ ना!”

“तू गाडी चालाड,” सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. “इतला महिना घरमा मी एकलीच बोलत व्हती रे. आते कोठे मले जवाब भेटी ऱ्हायना.”

धर्मेंद्रने वाऱ्यात बोलणं हरवू नये म्हणून काच वर केली आणि गाडी सावकाश घेतली.