मातीची ओळख पटवण्याबाबत

हिंदुराव पिसाळांच्या शेतातली माती गेल्या साली परतीच्या पावसात निघून गेली होती. ती अकरा किलोमीटर खाली बोरजाईच्या तलावात सापडली असून ओळख पटवून घेऊन जावी, अशी नोटीस त्यांना मे महिन्यात आली.

नोटीस येणार हे ठाऊक होतंच. तलाव आटला की नोटिसा दरवर्षी येतात. त्यांच्या खडकमाळ गावात यंदा चार घरांना आल्या होत्या आणि तिघांनी आपापली माती ट्रॉलीत घालून आणलीही होती. हिंदुराव तेवढे राहिले होते. त्यांच्या सव्वा एकरात आता नुसता मुरूम होता, आणि मुरमात बाजरी येत नाही हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही. पावसाळ्याआधी माती जागेवर आली नाही, तर तलाठी त्या जमिनीची पोटखराब म्हणून, म्हणजे पिकाच्या कामाची नाही म्हणून नोंद करणार होता. पिसाळांच्या सात पिढ्यांत कुणाच्या जमिनीला तो शब्द लागला नव्हता. हिंदुरावांना झोप येत नव्हती ती त्या शब्दानं.

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, सातबाऱ्याचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घेतला आणि बायकोलाही, मालनबाईंना, बरोबर घेतलं. येताना ट्रॉलीत मातीजवळ कुणीतरी बसावं लागतं.

तलावाच्या कोरड्या तळावर ताडपत्रीचा मांडव घातला होता. त्यात गाळ निरीक्षक ओतारी टेबल टाकून बसले होते. पलीकडे गाळाला दोऱ्या लावून वाफे पाडले होते आणि प्रत्येक वाफ्यात गावाच्या नावाची पाटी रोवली होती. शिपायानं खडकमाळच्या वाफ्यातून एक घमेलं भरून आणलं आणि टेबलावर ठेवलं. सगळ्या मातीला टेबलापर्यंत आणणं शक्य नसतं, म्हणून घमेलंभर माती प्रतिनिधी म्हणून हजर राहते.

"खातेदार कोण?" ओतारींनी विचारलं.

"मी." हिंदुरावांनी उतारा पुढं केला आणि घमेल्यात वाकून पाहिलं. "हीच साहेब. आमचीच हाय."

"तुमचं झालं. आता तिला विचारायला हवं." ओतारी घमेल्याकडे वळले. "हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मातीनं हिंदुरावांना निरखलं. तिचा आवाज बसलेला होता. इतके महिने पाण्याखाली काढल्यावर बसतोच.

"बघितल्यावानी वाटतंय," माती म्हणाली. "बांधावर हुबं असत्यात. फोन कानाला असतोय."

हिंदुराव हसले. आपली थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं. ओतारींनी मात्र ते शब्दशः लिहून घेतलं. त्यांनी पान उलटलं.

"आपण वाहून गेलात की निघून गेलात?"

"निघून."

"कारण?"

"उताराला हुबी नांगरट," माती म्हणाली. "दरसाल. नांगराच्या हुब्या तासानं पानी पळतंय, म्हनून आमी बी पळालो."

ओतारींनी चष्म्यावरून हिंदुरावांकडे पाहिलं. "आडवी का नाही नांगरली?"

"पट्टी अरुंद हाय साहेब. आडवं धरलं की ट्रॅक्टरवाला कुरकुर करतोय, लई वळणं घ्यावी लागत्यात." हे बोलताना हिंदुरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मालनबाई तीस वर्षं हेच सांगत आल्या होत्या, आणि तीस वर्षं ते ‘तुला काय कळतंय’ म्हणत आले होते.

ओतारींनी शेवटचा रकाना वाचला. "मग आपल्या ओळखीचं इथं कुणी नाही, असं नोंदवू?"

मालनबाई तोवर मांडवाबाहेर उभ्या होत्या. ऊन लागलं तशा त्या चपला हातात घेऊन अनवाणी दोन पावलं आत आल्या.

"मालन," माती म्हणाली, "घोटा दुकायचा थांबला का गं?"

"थांबला," मालनबाई म्हणाल्या. "तू कशी हाईस?"

"हाय. वलीला कंटाळली."

मालनबाईंनी घमेल्यात हात घातला आणि तसाच ठेवला. त्या काही रडल्या वगैरे नाहीत. हिंदुरावांना मात्र एकदम आठवलं, की पावसाळ्यात ही बाई खुरपं घेऊन गेली की ओघळीच्या तोंडाला दगड रचत बसायची आणि भाकरीला उशीर झाला म्हणून आपण ओरडायचो.

ओतारींना आनंद झाला. बेवारस माती त्यांना आवडत नसे. "ओळख पटली!" ते म्हणाले. मग त्यांनी उतारा बघितला आणि पेन खाली ठेवलं. "पण यावर बाईंचं नाव नाही."

"ती माजीच बायको हाय की."

"त्या तुमच्या कोण आहेत हा प्रश्न नाही. जिला माती ओळखते तिच्या नावावर जमीन पाहिजे. ज्याच्या नावावर आहे त्याला ती ओळखत नाही." ओतारींनी खणातून एक कागद काढला. "पत्नीचं नाव लावायचा अर्ज आहे. इथं सही करा, मी पोच देतो. त्या पोचेवर आत्ता ट्रॉली भरून न्या."

हिंदुरावांनी कागद हातात घेतला. कागद साधाच होता.

"भावकीला इचारावं लागंल," ते म्हणाले.

"वाटण्या झाल्यात ना? जमीन तुमच्या एकट्याची आहे. कुणाला विचारायची गरज नाही."

"तसं न्हाई. इचारलेलं बरं असतंय."

"उद्या सकाळी आठला बेवारस माती वीटभट्टीला जाते," ओतारी म्हणाले. "मग माझ्या हातात काही राहत नाही."

 मालनबाई म्हणाल्या, "तुमी जावा. मी हिच्यापाशी थांबते."

गावात थोरले भाऊ बापूदादा ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माती बाईमानसाला वळखती आन खातेदाराला न्हाई? हे कुटलं शास्त्र?" मग बाईच्या नावावर जमीन केल्यानं काय काय होतं याची त्यांना माहीत असलेली सगळी उदाहरणं त्यांनी सांगितली. हिंदुराव मान हलवत बसले. ही सही आपण तिथंच करायला हवी होती, हे त्यांना पहिल्या उदाहरणालाच कळलं होतं, पण उठून जायला पाय निघेना. शेवटी दादा म्हणाले, सकाळी बघू. सकाळी दादांची आंघोळ झाली, पूजा झाली, चहा झाला, आणि मग त्यांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं.

हिंदुराव तलावावर पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. खडकमाळची पाटी होती, वाफा रिकामा होता. ओतारींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पावती दिली. माती भट्टीला रवाना, सोबत एक इसम, असं त्यावर लिहिलं होतं.

भट्टी तलावाच्या भिंतीपलीकडेच होती. मालनबाई लुगड्याचा काष्टा खोवून गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि चिखल तुडवत होत्या. बाजूला साच्यातून काढलेल्या विटा उन्हात ओळीनं मांडल्या होत्या.

"मालन, दादा तयार झाला," हिंदुराव लांबूनच म्हणाले. "ह्यो बघ कागद. तुजं नाव लावतो."

"बरं केलं." त्यांचे पाय थांबले नाहीत.

"मग भरू या ना ट्रॉली."

"हिच्यात राख कालवली, भुसा कालवला. आता हिच्यात काय पेरनार तुमी?"

हिंदुरावांनी कागदाची घडी केली. "मग तू तरी चल घरला."

"ही एकली कशी ऱ्हाईल हितं? हिला कोन वळखतंय?" मालनबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "कागूद ठेवा तुमच्यापाशी. जमीन तुमचीच हाय. माती तेवढी माजी हुती."

हिंदुराव इस्त्रीच्या सदऱ्यानिशी चिखलाच्या कडेला बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या मातीवर हात ठेवला. "चुकलं माजं," ते म्हणाले.

चिखलातून मातीनं हळूच विचारलं, "मालन, कोन आलंय गं?"

"कुनी न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "गावाकडचं मानूस हाय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तलाठी पाहणीला आला. हिंदुराव मुरमावर उभे होते. तलाठ्यानं शेताला एक फेरी मारली, वही गुडघ्यावर ठेवून नोंद केली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवली: "क्षेत्र सव्वा एकर, पोटखराब. खातेदार हजर. माती गैरहजर. बरोबर आहे?"

हिंदुराव म्हणाले बरोबर आहे, आणि त्यांनी सही केली.