आर्मासची रायफल आणि मुस्तीचे दात

"आर्मासच्या रायफलीत काडीचा दोष नाही! आणि पंधरा नोव्हेंबरला तिनंच हरीण पाडून मी ते तुम्हा तिघांच्या नाकावर टिच्चून दाखवीन!"

हेल्मीनं ही घोषणा चर्चच्या तळघरात केली. नवऱ्याला, आर्मासला, पुरून आल्यानंतरची कॉफी चालू होती आणि तिच्या हातात वेलचीपावाचा तुकडा होता. तळघरातले सगळे चमचे एकदम थांबले.

दोष तिचा नव्हता. आर्मासचे शिकारीच्या कॅम्पातले तीन दोस्त, लेस्टर, कार्ल आणि ड्युएन, कोपऱ्यात कुजबुजत होते. निदान त्यांची तशी समजूत होती. चाळीस वर्षं बंदुकांच्या आवाजात काढलेल्या माणसांची कुजबुज म्हणजे दवंडीच!

"ती रायफलपण त्याच्याबरोबर पुरायला हवी होती," लेस्टर म्हणाला.

"नको रे," कार्ल म्हणाला. "तिथं तरी सुखात राहू दे बिचाऱ्याला."

बोलायचा त्यांना हक्क होता, कारण तिघांकडेही तीच रायफल होती. अकरा वर्षांपूर्वी आर्मासनं हार्डवेअरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त बोल्टवाली, दर गोळीमागं खटका ओढावा लागणारी रायफल आणली आणि तिचं असं काही कौतुक केलं, की हे तिघेही जाऊन तीच घेऊन आले. तेव्हापासून त्यांची मतं गावाला तोंडपाठ झाली होती. लेस्टर म्हणे, "बोल्ट म्हणजे ओल धरलेला ड्रॉवर. उघडेपर्यंत हरीण म्हातारं होतं!" ड्युएन म्हणे, "रायफलीखालची काडतुसांची डबी चालता चालता गळून पडते. रायफलीपेक्षा माझे बूटच जास्त भरलेले असतात!" आणि कार्ल म्हणे, "गोळी वीतभर डावीकडे जाते. समोरच्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त भीती!"

आर्मास मात्र एकच म्हणे, "माझी छान आहे."

हेल्मीसाठी ते खरं असायलाच हवं होतं, कारण तिचे वरचे दात आणि ती रायफल एकाच आठवड्यात घरी आले होते. आर्मासनं अक्रोडाच्या दस्त्याची एक देखणी रायफल हेरून ठेवली होती. तीन वर्षं तो दुकानाच्या काचेसमोर उभा राहायचा. नेमके त्याच शरदात हेल्मीचे वरचे दात सगळेच्या सगळे काढावे लागले. साठवलेले पैसे कवळीत गेले आणि आर्मास ही प्लॅस्टिकच्या दस्त्याची घेऊन आला.

"अगं, फरक फक्त लाकडाचा," तो म्हणाला. "हरणाला लाकूड कुठं कळतं?"

आणि खरंच, दर नोव्हेंबरात तो मांस घेऊन घरी यायचा. "यंदा आम्ही दोन पाडली!" खुसपट एकच. शिकारीच्या शर्टाची मागं लोंबणारी शेपटी दरवर्षी गायब!

त्या मुलखात हरणावरचा नेम चुकला, की कॅम्पातले लोक शर्टाची शेपटी कापून भिंतीवर ठोकतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पहिल्या वर्षी हेल्मीनं सरळच विचारलं.

"छे!" आर्मास कुत्र्याकडं बोट दाखवत म्हणाला. "मुस्तीनं खाल्ली."

कड चावलेली होती आणि मांस तर टेबलावर होतं. मग मुस्तीला जी बोलणी बसली, ती सलग अकरा वर्षं दर नोव्हेंबरात बसत राहिली. शेवटी शेवटी तर चौकड्यांचा शर्ट दिसला, की तो कुत्रा आपणहून चुलीखाली जाऊन बसायचा.

पंधरा तारखेला, मोसमाच्या पहिल्याच पहाटे, हेल्मी कॅम्पावर पोचली. अंगात आर्मासचा शर्ट होता, लाल चौकड्यांचा, कोरा. या मोसमासाठी तिनं आधीच घेऊन ठेवला होता आणि आर्मास वसंतातच गेला. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

कॅम्प म्हणजे एक लाकडी खोली. तिघं दारातच घुटमळत होते आणि आतल्या साऱ्या कोटांचा ढीग एकाच भिंतीवर लटकत होता. समोरच्या खुंट्या रिकाम्या! बाईमाणूस नसलं की असंच, हेल्मीच्या मनात आलं.

"हेल्मी, बोल्ट जपून ओढ," लेस्टर म्हणाला.

"डबीवर हात ठेव," ड्युएन म्हणाला.

"उजवीकडं नेम धर," कार्ल म्हणाला. "बराच उजवीकडं."

"हरणावर धरीन!" हेल्मी म्हणाली आणि आर्मासच्या मचाणाकडं निघाली.

आठ वाजता हरीण आलं. चांगलं आठ टोकांच्या शिंगांचं, चाळीस पावलांवर. कागदपत्रं दाखवायला उभं राहावं तसं आडवं उभं राहिलं. हेल्मीनं श्वास रोखला आणि चाप ओढला.

गोळी वीतभर डावीकडं, बर्च झाडाच्या बुंध्यात! झाडावरचा सगळा बर्फ हरणाच्या पाठीवर कोसळला. त्यानं अंग झटकलं, हेल्मीकडं जरा कीव येऊन पाहिलं आणि ते निघून गेलं. इकडं रायफलीच्या धक्क्यानं वरची कवळी तोंडातून उडाली ती थेट खाली बर्फात!

"काय झालं? काय पाडलंस?" तिघं धावत आले.

"दाफ!" हेल्मी म्हणाली.

मग केशरी कोटातले तीन म्हातारे अर्धा तास बर्फात रांगत होते. कवळी कार्लला सापडली. आभाळाकडं तोंड करून हसत पडली होती. त्या रानात हसणारं तेवढंच कोणी होतं.

दुपारी लेस्टरनं एक हरीण पाडलं. मग सगळे खोलीत परतले. कात्री टेबलावर होती, पण तिला कोणी हात लावेना.

"पहिलीच वेळ आहे," लेस्टर पुटपुटला. "सोडून देऊ."

"नियम म्हणजे नियम," हेल्मी म्हणाली आणि आपला ओला कोट तिनं त्या ढिगावर अडकवला.

"तिकडं नको!" तिघं एकदम ओरडले. खुंटी मोडली. कोट धाडकन खाली आले.

भिंतीवर ओळीनं अकरा शेपट्या होत्या. निळ्या चौकड्यांची. हिरवी. कॉफी सांडलेली ती तपकिरी. प्रत्येक शर्ट तिनं धुतला होता. प्रत्येकीवर शाईनं वर्ष आणि खाली 'आर्मास'.

"मुस्ती…" हेल्मी एवढंच म्हणाली.

"गाडीत बसून पकडीनं कड चावल्यासारखी करायचा," ड्युएन खाली बघत म्हणाला. "एका वर्षी पकड सापडेना, तर स्वतःच्या दातांनी."

"आणि मांस?"

"ते डोईगणिक वाटतो आम्ही. नेम चुकला तरी."

कार्ल खाकरला. "दस्ता थंडीत वाकतो आणि नळीला रेटतो, बाकी काही नाही. आतून कानस मारली की झालं. आमच्या तिन्हींना पहिल्याच वर्षी मारली, नंतरची ओरड म्हणजे नुसती तोंडाची सवय. तो कानस लावूच देईना. म्हणायचा, 'रायफल छान आहे, माझेच डोळे मिटले.' एकदा मी चिडलो. म्हटलं, का रे बाबा हा हट्ट? तर म्हणाला, 'हिच्यात खोट निघाली असं घरी कळलं, तर हेल्मी पुन्हा तोंडावर हात ठेवून हसायला लागेल. आत्ता कुठं मोकळी हसतेय.'"

चुलीत लाकूड तडकलं. हेल्मीचा हात तोंडाकडं गेला आणि वाटेतच थांबला.

"दहा मिनिटांचं काम आहे," कार्ल हळूच म्हणाला. "कानस इथंच आहे. मारून देऊ?"

हेल्मीनं भिंतीला टेकलेल्या रायफलीकडं पाहिलं.

"काही गरज नाही," ती म्हणाली. "रायफल छान आहे. माझेच डोळे मिटले."

आणि ती पाठमोरी उभी राहिली. लेस्टरनं शर्ट कापला. नजर दुसरीकडं होती, म्हणून कड वाकडीतिकडी झाली.

"नाव कोणाचं लिहू?" त्यानं विचारलं.

"शर्ट कोणाचा आहे?" हेल्मी म्हणाली.

वाट्याचं मांस घेऊन ती घरी आली. वाटेत खाटकाकडून हातभर लांब सॉसेज घेतलं होतं. मुस्तीपुढं गुडघे टेकायचे आणि अकरा वर्षांची माफी मागायची, असं ठरवून तिनं दार उघडलं. मुस्ती शेपूट हलवत आला. त्यानं तिचा लाल शर्ट पाहिला. मागं जाऊन हुंगला. शर्टाला शेपटी नव्हती!

ती एक शब्द बोलायच्या आत तो चुलीखाली होता.

हेल्मी जमिनीवर पालथी पडली, सॉसेज आत सरकवत राहिली, शपथा घेत राहिली, रडत राहिली. सॉसेज आत गेलं. मुस्ती काही बाहेर आला नाही. त्या घरातल्या नोव्हेंबरांबद्दल त्याचं स्वतःचं पक्कं मत झालेलं होतं.