बासष्टावं झाड

नशीब ज्याचं उघडतं, दाराचा खर्च त्यानेच द्यायचा असतो. आमच्या कामेगाओका गोल्फ क्लबच्या नियमावलीत हे तत्त्व कुठेही लिहिलेलं नाही, म्हणूनच ते आजवर कुणी मोडलेलं नाही. (लिहिलेले नियम एकशे बारा आहेत. ते मोडल्याच्या नोंदींची वेगळी वही आहे. ती माझ्याकडे असते.)

गेल्या ऑक्टोबरात व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा झाली, तेव्हा त्यात खेळणाऱ्या मिनोबे यांच्या पदरात पडू शकत होते ते असे: सतराव्या भोकात एकाच फटक्यात चेंडू घालणाऱ्या पहिल्या खेळाडूला एक कोटी येन. त्यातल्या नव्वद लाखांत त्यांच्या बायकोला, सुमिएबाईंना, स्टेशनजवळची नाणी टाकून चालणारी लाँड्री घ्यायची होती. उरलेल्या दहांत घराचं गळकं छत. लाँड्रीच्या विसारापुरते सोळा लाख त्यांनी साठवले होते. लाँड्री हुकली, तर मिनोबेंनी मेहुण्याच्या टोफूच्या दुकानात उभं राहायचं, असं ठरलेलं होतं. (मेहुण्याने ठरवलेलं.)

जाणकार म्हणतात की व्यावसायिक खेळाडूला हा फटका तीन हजारांत एकदा साधतो. मिनोबे एकोणीस वर्षं खेळत होते. वर्षाला साठ फेऱ्या, फेरीत असा योग येऊ शकणारी चार भोकं, एकूण चार हजार पाचशे साठ फटके. साधलेले शून्य. म्हणजे दैवाकडे त्यांचे दीड फटके निघत होते. दैव अर्धा फटका कसा देतं, हे पुढे येईलच.

बक्षीस मुळ्याचं लोणचं विकणाऱ्या एका कंपनीचं होतं. लोणचं विकून कोटभर येन वाटता येत नाहीत, म्हणून कंपनीने त्याचा विमा उतरवला होता. विमा कंपनी ही दुर्मीळ गोष्टींवर श्रद्धा असलेली संस्था. त्या दुर्मीळच राहाव्यात अशी तिची रोजची प्रार्थना असते.

आता झाडांकडे वळू. आमच्याकडे ज्याला होल-इन-वन, म्हणजे एकाच फटक्यात भोक, साधतो, त्याने त्या भोकाच्या वाटेवर एक झाड लावायचं, लोकांना जेवू घालायचं आणि नाव-तारीख छापलेले टॉवेल वाटायचे. हौशी सभासद या खर्चाचाही विमा काढतात. व्यावसायिकांना तो मिळत नाही. खिळा सरळ बसल्याबद्दल सुताराला कोण भरपाई देतो?

सतराव्या भोकाच्या वाटेवर अशी एकसष्ट झाडं उभी आहेत. पहिल्या दहा वर्षांत अडतीस लागली, पुढच्या दहांत सतरा, नंतरच्या अकरा वर्षांत सहा. होल-इन-वन इतका विरळा का, यावर परदेशात शास्त्रज्ञ डोकं खाजवतात म्हणे. आमच्याकडचं उत्तर तीस फूट उंच आहे आणि त्याला दर एप्रिलमध्ये खत घालतात.

विम्याचं कलम चार हे एकतीस वर्षांपूर्वीचं, म्हणजे झाडांच्या आधीचं: कंपनीच्या साक्षीदाराने फटका मारण्याच्या चौथऱ्यावर उभं राहावं, जेणेकरून त्याला फटका आणि भोक दोन्ही दिसतील. कंपनीचे तोगाशी तिथे दरवर्षी उभे राहतात. फटका त्यांना उत्तम दिसतो.

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिनोबेंनी चेंडू मारला. तो वर गेला, अडतिसाव्या झाडाला (एका दाताच्या डॉक्टरांचं) लागून टक् असा वाजला आणि पलीकडे दिसेनासा झाला. मग पलीकडून टाळ्या आल्या.

"गेला का हो आत?" मिनोबे म्हणाले.

"टाळ्या मलाही ऐकू आल्या," तोगाशी म्हणाले. "पण कलमात कानांचा उल्लेख नाही."

पलीकडे नऊ प्रेक्षक होते, दोन स्वयंसेवक होते आणि गवत उपटणाऱ्या हिबिनो आजी होत्या. बाराही जणांनी चेंडू आत पडताना पाहिला. त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. कलम सात सांगतं की कंपनीच्या साक्षीदाराला दिसलं नाही, तर कोणतेही तीन निःपक्षपाती लोक चालतील. निःपक्षपाती म्हणजे ज्यांना त्या फटक्यानिमित्त वस्तू, जेवण वा अन्य लाभ मिळालेला नाही असे. चौकशी दहाव्या दिवशी ठरली.

मिनोबेंनी कलम सात वाचलं नव्हतं. त्यांनी आमच्या अध्यक्षांचा, अमेमियासाहेबांचा चेहरा वाचला.

"घाई अजिबात नाही हो मिनोबे," अमेमियासाहेब म्हणाले. "मागे एकाने आठव्या दिवशी जेवण दिलं होतं. चांगला माणूस होता. आता दिसत नाही कुठे."

सुमिएबाई मिनोबेंना क्लबच्या दारातच म्हणाल्या, "अहो, आधी पैसे हातात पडू देत, मग वाटा टॉवेल."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, 'टॉवेल कुठाय?' तो लाँड्रीवाला काय म्हणेल, ते सांगा मला."

"कोटभर येणार आहेत गं. सोळा लाखांचं काय घेऊन बसलीस?"

सहाव्या दिवशी जेवण झालं. एकशे चाळीस पानं उठली. टॉवेल दोनशे चौदा छापले होते, कारण न आलेल्यांचा मान मोठा असतो. बारा साक्षीदारांपैकी एकाला सर्दी झाली होती. त्याच्या घरी मिनोबे स्वतः गाडी चालवत गेले आणि दोन्ही हातांनी, वाकून, टॉवेल देऊन आले.

दहाव्या दिवशी तोगाशींनी माझ्याच टेबलावर चौकशी केली. शेवटच्या हिबिनो आजी.

"आजी, चेंडू भोकात पडताना पाहिलात?"

"पाहिला म्हणजे? माझ्या खुरप्यापासून चार हातांवर! आमचे हे आंघोळीला गरम पाण्याच्या टाकीत उतरतात ना, तस्सा. काठाला रेंगाळला, कुरकुरला आणि बसला."

"उत्तम. त्यानिमित्त काही मिळालं का तुम्हाला?"

"मिळालं की. हा काय गळ्यात." त्यांनी टॉवेल पुढे केला. "मऊ आहे हो. तुम्हाला नाही दिला?"

"दिला. पण मी काही पाहिलेलं नाही."

आजींना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी टॉवेल गळ्यातून काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. "घ्या. परत केला. आता लिहा, पाहिला म्हणून."

"धुतलाय का?"

"दोनदा."

"म्हणजे वापरलात," तोगाशी हळूच म्हणाले आणि त्यांनी टॉवेल आजींना परत दिला. वाईट माणूस नाही. जेवणालाही आला होता.

अशा रीतीने तो चेंडू स्पर्धेच्या गुणपत्रिकेत आत आहे, आमच्या वहीत आत आहे आणि विमा कंपनीच्या दफ्तरी अजून हवेत आहे. अर्धा फटका म्हणतात तो हा.

बासष्टावं झाड लावलं. मिनोबेंनी बुटकं झुडूप सुचवलं होतं. समितीने देवदार मंजूर केला. जागा एकच शिल्लक होती: चौथऱ्यावरून भोकाचं निशाण जरासं दिसायचं, ती फट. लाँड्री अमेमियासाहेबांच्या जावयाने घेतली. तो सांगतो, हल्ली एकाच छापाचे टॉवेल फार येतात. सुमिएबाई तिथे दुपारच्या पाळीला असतात आणि ते टॉवेल त्याच घडी घालतात, नाव आतल्या बाजूला ठेवून. मिनोबे टोफूच्या दुकानात आहेत. हात स्थिर असल्यामुळे कापणी चांगली करतात म्हणे.

आता खर्च कुणी केला, ते मांडून वही मिटतो. लोणच्याची कंपनी: शून्य. विमा कंपनी: शून्य (दिलगिरीच्या पत्राचं तिकीट धरलेलं नाही). क्लब: शून्य, जमेला एक देवदार. पाहुणे: शून्य. मिनोबे: जेवण आठ लाख चाळीस हजार, टॉवेल तीन लाख एकवीस हजार, झाड आणि दगडी पाटी दोन लाख साठ हजार, सेवकांना भेटी दीड लाख, एकूण पंधरा लाख एकाहत्तर हजार येन.

टॉवेलांपैकी एक उरला आहे. आपण इथवर आलात, दोन-तीनदा हसलात, आणि चेंडू आत गेला हे आता आपल्यालाही पक्कं ठाऊक आहे. म्हणजे रिवाजाप्रमाणे आपण पाहुणे. टॉवेल आपल्या नावे पाठवला आहे, तेव्हा मिनोबेंच्या बाजूने साक्ष आपल्यालाही देता येणार नाही.

टपालखर्च मिनोबेंकडे.