बंद दाराआडची तालीम

ईशा, रोहन,

तुम्ही फ्लॅटमध्ये मांजर आणलंत, ते दिवसभर सोफा ओरबाडतं, त्याला कसं रमवायचं, असं फोनवर विचारलंत. म्हणून आमच्या शेजारच्या बबनआप्पांबद्दल लिहिते. बरेच दिवस राहून गेलं होतं.

रोज सकाळी सहाला आमच्या भिंतीपलीकडे मांडीवर थाप मारून शड्डू ठोकल्याचा आवाज येतो. बहात्तर वर्षांचे आप्पा धोतर खोचून उभे असतात आणि समोर एक करडी मांजरी असते. तिचं नाव पैलवान.

आप्पा आमच्या न्हावरे गावच्या तालमीचे वस्ताद. मुलं कंपनीच्या शिफ्टला आणि शिरूरच्या जिमला जाऊ लागली, तशी तालमीला कुलूप लागलं. मांजरी तेव्हा गावभर हिंडायची. मग मागच्या उसात बिबट्या आला, दोन शेळ्या आणि तीन कुत्री गेली. आप्पांनी तिला घरात घेऊन दार लावलं. चार दिवस ती दाराशी बसून रडली. पाचव्या दिवशी आप्पा म्हणाले, "बसून पैलवान नासतो," आणि तिची मेहनत सुरू झाली.

नियम एकच, "फुकट खुराक न्हाई." अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवून वर कागदाचे बोळे दाबायचे, ते पंजाने उपसून तिने खायचं. सुकटीची पुरचुंडी रोज नव्या जागी, कधी गव्हाच्या पोत्यांवर, कधी माळ्यावर. शड्डू ऐकून ती आली की तत्काळ घास. "थाप आन् घास, मधी श्वाससुदिक घ्यायचा न्हाई."

कुस्ती म्हणजे काठीला बांधलेलं कोंबड्याचं पीस. आप्पा ते सरपटवत नेतात, पोत्याआड लपवतात आणि दहा मिनिटांनी तिला पकडू देतात.

"आप्पा, हरलात," मी एकदा म्हटलं.

"बाई, हरावं लागतं. शेवटची कुस्ती पोराला जिंकू द्यायची. न्हायतर दुसऱ्या दिशी त्ये तालमीत येत न्हाई."

"कधी नुसतंच वाटीत दूध देत नाही का तिला?"

"बिघडवायचीय व्हय?"

दिवाळीआधी एका संध्याकाळी मी त्यांना ताक द्यायला गेले आणि येताना दार नीट लोटलं नाही. चूक माझी. अर्ध्या तासाने आप्पा आमच्या ओट्याशी आले. "बाई, पैलवान न्हाई." एवढंच बोलले आणि उसाकडे चालू लागले. बांधावरून शड्डू ऐकू येत राहिला. पलीकडचा दत्तू घराच्या दारातून ओरडला, "आप्पा, माघारी या. मांजरापायी तुमीच बिबट्याचा खुराक व्हाल."

"जा घरात. तुझी बायकू वाट बघत आसंल."

मी बॅटरी घ्यायला घरात वळले. कपाटाचं दार जरा उघडं होतं. आत माझ्या घडी केलेल्या साड्यांवर मांजरी झोपली होती. ती माझ्याच मागोमाग आली असणार.

तिला उचलून मी बांधाकडे गेले. शड्डू थांबला होता. आप्पा पाठमोरे, उकिडवे बसले होते आणि उसाशी हळू आवाजात बोलत होते. "उद्यापासनं मेहनत न्हाई. ट्रे न्हाई, माळा न्हाई. बसल्या जागी देतो. पर तू ये. घर लई गप हाय."

मी दहा पावलं मागे गेले, खाकरले आणि मग पुढे झाले.

"कुठं व्हती?"

"माझ्या कपाटात."

आप्पांनी तिला घेतलं आणि धोतराच्या सोग्याने तिचे पंजे पुसले. ते कोरडेच होते.

दुसऱ्या सकाळी मी डोकावले, तर मांजरी वाटीतून दूध पीत होती. माझ्याकडे न बघता आप्पा म्हणाले, "आज सुट्टी हाय." तिसऱ्या दिवशी पुन्हा ट्रे, पुन्हा माळा.

ऊस आता तुटला आहे. बिबट्यासाठी लावलेला पिंजरा रिकामाच आहे. आप्पांचं दार अजून लावलेलं असतं. आत दोघंही आहेत.