पाहुण्यांची खुर्ची

दौलतराव मेश्रामांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला सोफ्यावर बसता येत नाही. सोफा आहे, त्यावर धुतलेली चादरही आहे. पण तुम्ही तिकडे वळलात की दौलतराव हात आडवा करतात आणि कोपऱ्यातली चाकांची खुर्ची पुढे ढकलतात.

"इथं बसा जी. पायले काही झालं नाही म्हणून काय झालं? बसून तर पाहा!"

आपण बसतो. मग ते फार प्रेमाने सांगतात, "पाणी सैपाकघरात आहे, माठात. घेऊन या. उठाचं नाही मातर."

त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा माझीही ही परीक्षा झाली. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना मधे जुन्या लाकडाचा उंबरठा आहे. त्याच्यापाशी मी पुढे-मागे, पुढे-मागे करत घामाघूम झालो. नागपूरचा मे महिना, समोर ओला माठ दिसतोय आणि मी अडलेला. दौलतराव सोफ्यावर मांडी घालून माझ्याकडे बघत होते. "तहान लागली, माठ दिसून राहिला, अन् मधात लाकूड आहे. समजलं का भाऊ? अशा खुर्चीतल्या लेकरायले शाळा अशी दिसते." शेवटी पाणी त्यांनीच दिले. वर चहा, वर चिवडा. माझा राग मात्र चिवड्याने गेला नाही, तो दोन दिवस टिकला.

ही खुर्ची शीलाताईंची, म्हणजे दौलतरावांच्या पत्नीची. अर्धांगवायूनंतरची सगळी वर्षे त्यांनी तिच्यात काढली. दौलतरावांनी त्यांची सेवा केली ती अशी, की गल्लीतल्या बायका नवऱ्यांना ती उदाहरणादाखल सांगत. पाणी हातात, गोळी हातात, ताट हातात. त्या गेल्या तेव्हा लोक म्हणाले, खुर्ची कोणाला तरी देऊन टाका. दौलतरावांनी तिला कामाला लावले. हिंगण्याच्या कारखान्यातून ते निवृत्त झालेलेच होते. जिथे कुठे एखाद्या अपंग मुलाला शाळेत अडचण आहे असे कळेल, तिथे ते खुर्ची घेऊन हजर होत. एकदा तर कुहीकडच्या एका गावात जाऊन त्यांनी सरपंचाला बसवले होते. उतार नसलेल्या शाळेला महिन्याभरात उतार झाला म्हणे.

खुर्ची जाते स्कूटरवरून. दौलतराव चालवतात, खुर्ची मागे बसलेल्याच्या मांडीवर असते, आणि मागे बसलेला मी असतो. गांधीबागेत माझे कापडाचे दुकान आहे. तिथले लोक मला दुकानापेक्षा या वरातीमुळे जास्त ओळखतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीतल्या सोनालीचे प्रकरण आले. हुशार पोरगी, चाकाच्या खुर्चीत बसूनच नववी पास झालेली. पण शाळेत दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरतात. मुख्याध्यापकांनी तिच्या आईला समजुतीच्या सुरात सांगितले, मुलीला घरी बसू द्या, बाहेरून परीक्षा देऊ द्या, उगाच तिचे हाल. आई रडत दौलतरावांकडे आली. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर सोनाली रडत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "मले माझ्या वर्गात बसाचं आहे. घरी बसून दहावी करीन तं मैत्रिणी कोण?"

आम्ही शाळेत गेलो. म्हणजे दौलतराव गेले, मी खुर्चीखाली होतो.

मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी पंखा आमच्याकडे वळवला आणि वरच्या मजल्याचे गुणगान केले. वर शांतता असते, वारा असतो, पहिल्यापासून तीच पद्धत आहे. दौलतरावांनी सगळे ऐकून घेतले आणि खुर्ची उघडली. "सर, पाच मिनिटं. बसून तर पाहा!"

ब्याद टळावी म्हणून सर बसले. दौलतरावांनी खुर्ची व्हरांड्यातून ढकलत जिन्याच्या पायथ्याशी नेऊन उभी केली. "आता चला तुमच्या शांततेत."

सर हसले. तेवढ्यात दोन शिक्षिका आल्या, सरांना नमस्कार करून भराभर वर गेल्या. एक शिक्षक आले, "सर, काय झालं? पाय मुरगळला का?" म्हणत तेही गेले. वरून कोणीतरी जोरात हसले. सर जिन्याकडे बघत राहिले. मग शाळेचा शिपाई चहा घेऊन आला. त्याने खुर्चीतल्या साहेबांकडे एकदा पाहिले आणि दौलतरावांना विचारले, "सरायले चहा लागते का जी?"

"अरे, मी इथे बसलोय ना! मला विचार!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले, की मी हातातली कपबशी सावरली.

"बस," दौलतराव म्हणाले. "माहं काम झालं. उठा आता."

सर लगेच उठले नाहीत. चहा त्यांनी तिथेच बसून प्यायला, आणि कप खाली ठेवत शिपायाला म्हणाले, "शिक्षकांची खोली वर न्या. दहावी खाली." शिक्षक मंडळी आता धापा टाकत शांततेचा आणि वाऱ्याचा लाभ घेतात.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी सोनाली संत्रा बर्फी घेऊन दौलतरावांकडे आली. मी तिथेच होतो, सोफ्यावर. परीक्षा पास झालेल्यांना तो मिळतो. आई तिला दारात सोडून बाजारात गेली. आपली खुर्ची आपणच घेऊन आलेला पाहुणा दौलतरावांकडे पहिल्यांदाच येत होता. त्यांना काय करावे सुचेना. ते नुसते उभेच.

"काका, बसा ना," ती म्हणाली. कोपऱ्यातली खुर्ची तिने बोटाने दाखवली. "थे रिकामी आहे."

"मी उभाच बरा आहो."

"साऱ्यायले बसवता तुम्ही. तुम्ही कधी बसले का त्याच्यात?"

मला हसू आले. आता दौलतराव हिला चांगले उत्तर देणार. मग लक्षात आले, इतक्या वर्षांत मीही त्यांना त्या खुर्चीत कधी पाहिले नव्हते.

"नाही वं माय," ते म्हणाले. "थे तिची जागा आहे."

"मंग आज बसा. मी आहो ना सोबतीले."

दौलतराव बसले. परक्याच्या घरी बसावे तसे, अंग चोरून. थोड्या वेळाने त्यांनी चाके फिरवली आणि खुर्ची खिडकीपाशी नेली. शीलाताई तिथेच बसायच्या. त्यांनी मान वर केली, मग ताणली.

"इथून रस्ता दिसतच नाही," ते म्हणाले.

जुने घर, खिडकीचा कट्टा उंच. खुर्चीतून दिसत होती समोरच्या कडुलिंबाची वरची फांदी आणि आभाळ.

"कंपनीची बस पकडाच्या आधी रोज तिले इथं बसवून जात होतो," ते सांगू लागले. "म्हटलं, थे रस्ता पाहत राहीन, तिचा दिवस जाईन. संध्याकाळी आलो का थे मले सारं सांगे. भाजीवाला आला होता, समोरची पोरगी सायकल शिकून राहिली, आज पडली. सारं सांगे. मले वाटे, तिले दिसून राहिलं."

"आवाज येते ना काका," सोनाली म्हणाली. "गॅदरिंगमध्ये समोर सारे उभे राहतात, मले काहीच दिसत नाही. पण घरी गेली का आईले पूरा नाच सांगतो. नाही तं तिले वाईट वाटते."

"एकडाव तरी म्हणाचं होतं तिनं मले."

"म्हटलं असतं, तं तुम्ही कामावर गेले असते का?"

दौलतरावांनी दुपट्ट्याने तोंड पुसले. मी बर्फीचा डबा उगाच उघडला, उगाच बंद केला. मला फार वाईट वाटले, आणि त्या पोरीचा अभिमानही वाटला.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. खिडकीचा कट्टा खाली उतरला, उंबरठाही निघाला. खुर्ची अजून आमच्या स्कूटरवरून शाळाशाळांत जातेच, पण घरी आलेल्या पाहुण्यांना आता सरळ सोफा मिळतो. संध्याकाळी ती खुर्ची खिडकीशी असते आणि तिच्यात दौलतराव.

मी दुकानातून परतताना त्यांना माझी पिशवीसुद्धा दिसते. "काहून भाऊ, आज उशीर? मेथी आणली का?"

मी हो म्हणतो. मग ते आत भिंतीवरच्या शीलाताईंच्या फोटोकडे वळतात, आणि मला रस्त्यावर ऐकू येते.

"मेथी आणली वं भाऊनं. पाहून सांगून राहिलो."